काळ्या मातीच्या माणसाने पाहावा असा काळा किनारा

परभणीहून समुद्र पाहायचा तर रात्रीची रेल्वे धरून मुंबई गाठावी लागते. सरळ रेषेत मोजले तरी अरबी समुद्र इथून जवळपास ४०० किलोमीटरवर आहे. जिल्ह्याचे पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा, दुधना आणि येलदरीचा जलाशय. भरती-ओहोटीची गाठ पडते ती भूगोलाच्या पुस्तकात. तरीही ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ अशी ऐट मिरवणाऱ्या या जिल्ह्यातला माणूस उत्तर अटलांटिकच्या एका थंडगार किनाऱ्यावर उभा राहिला, तर तिथला खडक त्याला परका वाटायचे कारण नाही. त्याच्या वावरातली काळी माती ज्या खडकाची झाली, त्याच जातीच्या खडकाचा तो सारा किनारा आहे.

हा किनारा आइसलँडचा. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत स्वित्झर्लंड-पॅरिसच्या जोडीने आइसलँड दिसू लागले. २०१५ साली आलेल्या ‘दिलवाले’ चित्रपटातल्या ‘गेरुआ’ गाण्याने तिथली काळी वाळू आणि त्या वाळूत पडलेले मोडके विमान घरोघरी पोहोचवले. देशाचे क्षेत्रफळ १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या परभणी शहराचीच लोकसंख्या तीन लाखांवर होती, यावरून त्या देशातल्या मोकळेपणाचा अंदाज यावा. राजधानी रेक्याविकहून सकाळी निघून दक्षिण किनाऱ्याने वीक या गावापर्यंत जायचे आणि रात्री परत यायचे, ही तिथल्या लोकप्रिय एकदिवसीय सहलींपैकी एक. जाऊन-येऊन सुमारे पावणेचारशे किलोमीटर.

वाटेतले धबधबे, हिमनद्या, कमानी आणि काळी पुळण पाहून पर्यटक थक्क होतात. त्यामागची गोष्ट मात्र खडकात आहे, आणि ती समजून घ्यायला मराठवाड्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

पायाखालचा कातळ

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहू लागला. शंकूसारखा एखादा डोंगर फुटला असे ते नव्हते. भेगांतून पातळ लाव्हा शेकडो किलोमीटर पसरत गेला, थिजला, मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. आज उरलेल्या या थरांनी जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीत त्यांची जाडी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टचे थर ३३८ मीटरपर्यंत लागले आणि त्याखाली त्याहून कितीतरी प्राचीन खडक सापडला. परभणी जिल्हा याच काळ्या पाषाणावर वसला आहे. जिंतूर किंवा गंगाखेड भागात विहीर खोदणाऱ्यांना हे थर पाठ असतात: आधी काळी माती, मग मुरूम, मग पाणी धरणारा सच्छिद्र मांजऱ्या खडक, मग कुदळीला दाद न देणारा काळा कातळ आणि मध्येच एखादा तांबडा पट्टा. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हा प्रवाहांमधला विसाव्याचा काळ. तेवढ्या अवधीत वरच्या खडकाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली.

आइसलँडमध्ये हेच काम अजून चालू आहे. उत्तर अमेरिकेची आणि युरेशियाची भूपट्टे अटलांटिकच्या मध्यभागी एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकतात. त्या फटीतून वर येणारा लाव्हा बहुतेक ठिकाणी समुद्राच्या तळाशीच थिजतो. आइसलँडखाली मात्र पृथ्वीच्या पोटातून उष्ण द्रव्याचा जादा ओघ आहे, म्हणून तिथे इतका खडक साचला की त्याचे बेटच पाण्यावर आले. दख्खनच्या लाव्ह्यामागेही असाच उष्ण ओघ होता. भारताचे भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेले आणि तो ओघ मागे राहिला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आज त्याच्यावर धगधगतो, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आइसलँडचा जमिनीवरचा सर्वांत जुना खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा आहे. परभणीचा कातळ त्याच्याहून सुमारे चौपट वयाचा.

सकाळ: गरम पाणी आणि दगड होणारा वायू

जूनमध्ये रेक्याविकला दिवस २१ तासांचा असतो आणि रात्र नावापुरती. परभणीत त्याच काळात दिवस तेरा तासांहून थोडा मोठा. डिसेंबरमध्ये उलट: परभणीत ११ तास उजेड, तर रेक्याविकला जेमतेम चार तास. त्यामुळे किनाऱ्याची सहल उन्हाळ्यात निवांत होते, हिवाळ्यात मात्र सूर्य उगवण्याआधी निघून मावळल्यावर परतावे लागते.

नावात बर्फ असले तरी रेक्याविकचे जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते आणि जुलैचे ११-१२ अंशांवर जाते. ६४ अक्षांशावर असूनही हिवाळा इतका सौम्य राहतो, कारण नैर्ऋत्येकडून येणारा उबदार सागरी प्रवाह. मे महिन्यात ४३-४४ अंश सोसणाऱ्या परभणीकराला जुलैतही तिथे स्वेटर लागेल, पण डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदलेले किमान तापमान आणि रेक्याविकचे त्या दिवसाचे तापमान यांत कधीकधी फार अंतर नसते.

शहर सोडून अर्धा तास झाला की रस्ता हेल्लिसहेदी नावाच्या माळरानावर चढतो. शेवाळाने झाकलेल्या लाव्ह्यातून जागोजागी वाफ निघत असते. इथे ३०३ मेगावॉट क्षमतेचे भूऔष्णिक वीजकेंद्र आहे; वीज आणि शहराला पुरवायचे गरम पाणी दोन्ही ते तयार करते. देशातली दहापैकी नऊ घरे अशा जमिनीखालच्या गरम पाण्याने ऊबदार ठेवली जातात. वज्रेश्वरी किंवा राजापूरची उन्हाळी पाहिलेल्याला गरम झऱ्यांचे नवल नाही, पण संसाराचा गाडा झऱ्यावर चालवणारा देश विरळा.

याच केंद्राच्या आवारात बेसाल्टचा एक नवा उपयोग सिद्ध झाला. ‘कार्बफिक्स’ या प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडला गेला. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. आम्लयुक्त पाण्याने ती द्रव्ये खडकातून सुटतात, वायूशी संयोग पावतात आणि खडकाच्या छिद्रांत पांढरी कार्बोनेट खनिजे तयार होतात. २०१२ मध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत दगड झाला, असे २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तोवर या क्रियेला शतके लागतील असे मानले जात होते. दख्खनच्या बेसाल्टमध्येही असा साठा करता येईल का, याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने केला आहे.

धबधब्याखालचा जुना समुद्र

डोंगर उतरून गाडी सपाटीवर आली की डाव्या हाताला लांबच लांब काळा कडा दिसू लागतो आणि त्यावरून कोसळणारा सेल्यालंड्सफॉस. उंची ६० मीटर. कड्याच्या तळाशी खोबण असल्याने पर्यटकांना पाण्याच्या पडद्यामागून चालत जाता येते. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर स्कोगाफॉस आहे, तोही ६० मीटरचाच, पण २५ मीटर रुंद आणि एकसंध. ऊन पडले की त्याच्या तुषारांत हमखास इंद्रधनुष्य उमटते.

सह्याद्रीतले धबधबे पठाराच्या कडेवरून कोसळतात. या दोन धबधब्यांचा कडा मात्र एके काळचा समुद्रकिनारा आहे. हिमयुगात आइसलँडवर एक किलोमीटरहून जाड बर्फ होते आणि त्याच्या भाराने जमीन दबलेली होती. बर्फ वितळले तेव्हा लाटा या कड्यावर आदळत होत्या. पाण्यामागची ती खोबण लाटांनीच कोरलेली. भार उतरल्यावर जमीन वर आली, नद्यांनी गाळ आणून समोर मैदान घातले आणि समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेला. आजही हिमनद्या वितळत असल्याने मध्य आइसलँडची जमीन काही ठिकाणी वर्षाला तीन सेंटिमीटरपर्यंत वर येते आहे.

कड्यापासून समुद्रापर्यंतच्या या मैदानात शेती आहे. परभणीच्या शेतकऱ्याची नजर धबधब्यावरून तिकडे वळली तर त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे भारे, मेंढ्या, बुटके घोडे आणि जूनमध्ये लुपिनच्या जांभळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे दिसतील. पीक म्हणावे असे फारसे काही नाही. थोडे बार्ली, बटाटा, बाकी सगळा चारा. खडक तोच असताना इथे कापूस-ज्वारी का नाही? याचे उत्तर नुसत्या थंडीत संपत नाही. थंडीने मातीचीही घडण वेगळी झाली.

मराठवाड्यात लाखो वर्षे कडक ऊन आणि चार महिने पाऊस असे चक्र चालले. त्यात बेसाल्ट कुजून त्याची बारीक चिकणमाती झाली. तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, माती फुगते. पाणी उडाले की आकसते आणि उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भारी जमिनीत पावसाळ्याची ओल थंडीपर्यंत टिकते, म्हणूनच ‘परभणी मोती’सारखा रब्बी ज्वारीचा वाण विहिरीच्या पाण्याशिवायही कणसात भरतो. हा वाण परभणीच्याच कृषी विद्यापीठाचा. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आता वसंतराव नाईकांचे नाव आहे.

आइसलँडमध्ये खडक कोवळा, हवा थंड, त्यामुळे कुजण्याची क्रिया संथ. माती झाली ती मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेपासून: हलकी, भुसभुशीत, पाणी पुष्कळ धरणारी, पण कणांना कणांशी बांधून ठेवणारी चिकण तिच्यात नाही. नवव्या शतकात माणसे आली, त्यांनी बर्चची झाडे तोडली, मेंढ्या सोडल्या आणि वाऱ्याने माती उडवून नेली. ही झीज इतकी झाली की १९०७ मध्ये मृदसंधारणासाठी सरकारी खाते उभारावे लागले. जगातल्या अशा सर्वांत जुन्या खात्यांत ते गणले जाते. अलास्काहून आणलेले लुपिन त्याच कामासाठी पेरले गेले. आता तेच इतर वनस्पतींवर पसरते म्हणून काढायचे की ठेवायचे, यावर तिथे वाद चालतो.

बर्फाखालची आग

स्कोगाफॉसला पोहोचण्याआधी डावीकडे एक पांढरे शिखर दिसते. एयाफ्यालायोकुल. उंची १,६५१ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा पाचच मीटर जास्त. १४ एप्रिल २०१० रोजी या डोंगराच्या माथ्यावर बर्फाखाली स्फोट झाला. तापलेला लाव्हा आणि बर्फाचे पाणी एकत्र आले की लाव्हा काचेसारखा तडकून त्याची अतिबारीक राख होते आणि वाफेच्या जोराने ती कित्येक किलोमीटर वर जाते. ती राख जेट इंजिनात वितळून चिकटण्याचा धोका असल्याने युरोपचे आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि मुंबईहून लंडनला निघालेले प्रवासीही अडकले. डोंगराच्या पायथ्याशी थोर्वाल्डसेयरी नावाचे शेत आहे. हिरव्या कुरणामागे राखेचा काळा ढग उठल्याचे त्याचे छायाचित्र तेव्हा जगभर छापले गेले.

शेजारचा कात्ला हा याहून मोठा ज्वालामुखी मिर्डाल्सयोकुल या हिमाच्छादित पठाराखाली दडला आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ मध्ये झाला. अशा उद्रेकात लाव्ह्यापेक्षा पुराची भीती अधिक असते. बर्फ एकाएकी वितळून पाणी, हिमखंड, वाळू आणि दगडांचा लोंढा समुद्राकडे धावतो. १९१८ च्या पुराने इतका गाळ आणला की किनाराच काही किलोमीटर पुढे सरकला. दक्षिण किनाऱ्याची ती अफाट काळी मैदाने अशा पुरांनी आणि हिमनद्यांच्या प्रवाहांनी घातलेली आहेत. नोव्हेंबर १९७३ मध्ये अमेरिकी नौदलाचे एक डीसी-३ विमान यांपैकीच सोल्हेमासांडुर नावाच्या मैदानावर कसेबसे उतरले. आतले सर्व जण वाचले, विमान तिथेच राहिले. ‘गेरुआ’तले विमान ते हेच. आता तिथवर खासगी गाडी नेता येत नाही. काळ्या सपाटीवरून चालत गेले तर जाताना साडेतीन-चार किलोमीटर आणि येताना तेवढेच अंतर पडते.

मिर्डाल्सयोकुलची एक जीभ, सोल्हेमायोकुल, रस्त्यापासून जवळ उतरते. मार्गदर्शकाबरोबर बुटांना लोखंडी काटे बांधून तिच्यावर चढता येते. बर्फ पांढरेशुभ्र असेल ही अपेक्षा इथे पुरी होत नाही. त्यात राखेचे काळे पट्टे असतात. जवळच्या ह्वोल्स्वोल्लूर गावातल्या शाळेचे विद्यार्थी २०१० पासून दरवर्षी येऊन ही हिमनदी किती मागे गेली ते मोजतात. सुरुवातीला जिथे बर्फ होते तिथे आता तळे आहे, आणि पुढच्या वर्गांना मोजमापासाठी होडी वापरावी लागली.

डिरहोलाए ते वीक

दुपारनंतर गाडी खऱ्या अर्थाने समुद्राला भिडते. डिरहोलाए हा सुमारे १२० मीटर उंचीचा कडा समुद्रात घुसला आहे आणि त्याच्या टोकाला लाटांनी आरपार कमान कोरली आहे. माथ्यावर दीपगृह. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथल्या गवताळ उतारावर पफिन पक्षी बिळे करून पिल्ले वाढवतात: काळा कोट, पांढरे पोट, नारिंगी चोच, वजन जेमतेम अर्धा किलो. अटलांटिक पफिनांपैकी निम्म्याहून अधिक आइसलँडमध्ये वीण करतात. उरलेले आठ महिने ते खुल्या समुद्रावर काढतात. विणीच्या दिवसांत कड्याचा काही भाग माणसांसाठी बंद असतो आणि पर्यटकही ते निमूट पाळतात.

कड्यावरून पूर्वेला दिसते ती रेनिसफ्यारा, दिवसाच्या सहलीतली सर्वांत गाजलेली जागा. काळ्याभोर गोट्यांची आणि वाळूची पुळण, समुद्रात उभे असलेले रेनिसड्रांगार नावाचे सुळके (सर्वांत उंच ६६ मीटर) आणि डोंगराच्या पायाशी एकाला एक लागून उभे असलेले दगडी खांब. तीन डोलकाठ्यांचे जहाज किनाऱ्याला ओढून आणताना दोन राक्षसांना पहाट गाठली आणि त्यांचे दगड झाले, ते हे सुळके, अशी लोककथा आहे. पांडवांनी एका रात्रीत लेणे खोदायला घेतले, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिले, अशा कथा महाराष्ट्रात गावोगाव ऐकलेल्यांना तिची घडण लगेच ओळखू येईल.

खांब मात्र कोणी घडवलेले वाटावेत इतके रेखीव आहेत. बहुतेक सहा बाजूंचे, काही पाच किंवा सात. त्यामागचे शास्त्र परभणीतल्या उन्हाळ्यातल्या वावरात दिसते. काळी माती वाळताना आकसते आणि ताण सहन न होऊन तडकते. वरून पाहिले तर भेगांनी बहुकोनी तुकडे पडलेले असतात. लाव्हाही थंड होताना आकसतो आणि तसाच तडकतो. एका बिंदूपाशी तीन भेगा सारख्या कोनांत भेटल्या की ताण सर्वांत कमी भेगांत मोकळा होतो, म्हणून षटकोन. मातीतली भेग ओल संपते तिथे थांबते. लाव्ह्याच्या थरात मात्र गारवा आत आत सरकत जातो आणि भेगही त्याच्यामागून उतरत जाते. त्यातून लांब खांब उभे राहतात. सावकाश थंड झालेल्या प्रवाहात ते जाड असतात, झपाट्याने थंड झालेल्यात बारीक. टोरांटो विद्यापीठात शास्त्रज्ञांनी मक्याच्या पिठुळाची लापशी सुकवून असेच इवलेसे खांब प्रयोगशाळेत मिळवले. ही तडक नेमकी किती तापमानाला सुरू होते, याचा शोध लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये लावला, आणि त्यासाठी दगड निवडला तो एयाफ्यालायोकुलच्या पायथ्याचा. उत्तर आले ८४० ते ८९० अंश सेल्सिअस. म्हणजे खडक लाल तापलेला असतानाच त्याचे खांब पडू लागतात.

वाळूच्या काळेपणाचेही कारण हाच खडक. गोव्यात किंवा गणपतीपुळ्याला जी फिकट वाळू दिसते तिच्यात गारगोटीचे कण आणि शिंपल्यांचा चुरा असतो. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळपास नसतेच; तो फुटला की काळे कणच मिळतात. उष्ण प्रदेशात अशी वाळू लवकर कुजून तिचा गाळ होतो. थंड आइसलँडमध्ये ती काळीच राहते, आणि नद्या व ज्वालामुखी तिचा नवा भरणा करत राहतात.

रेनिसफ्याराची दुसरी ओळख तिच्या लाटांची आहे. दक्षिणेला हजारो किलोमीटर मोकळा अटलांटिक, त्यात तयार होणाऱ्या लांब लाटा आणि पुळणीचा उभा उतार. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी अचानक तिपटीने वर चढून माणसाला पायातून ओढते. पाणी हाडे गोठवणारे, खाली सरकणारे गोटे, त्यामुळे पोहता येणाऱ्यालाही परतता येत नाही. इथे अनेक पर्यटकांनी जीव गमावला आहे. वाहनतळापाशी आता लाटांच्या अंदाजानुसार बदलणारा इशारादिवा लावलेला असतो, आणि लाल दिवा असताना वाळूवर उतरायचे नसते.

पलीकडे वीक. काही शेकडे वस्तीचे, पावसासाठी प्रसिद्ध गाव. एवढा लांब किनारा, पण त्याला नैसर्गिक बंदर नाही, कारण वाळू सतत जागा बदलते. शतकानुशतके इथले कोळी उघड्या पुळणीवरून वल्ह्यांच्या होड्या लाटांत ढकलत. गावाच्या वरच्या टेकडीवर तांबड्या छपराचे चर्च आहे. कात्ला फुटला तर पुरापासून वाचायला गावकऱ्यांनी धावायची जागा तीच. त्याचा सराव वेळोवेळी होतो.

आपल्याकडचे खांब

बेसाल्टचे खांब पाहायला आइसलँडलाच गेले पाहिजे असे नाही. मुंबईत अंधेरीला इमारतींच्या गराड्यात ६० मीटर उंचीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. यवतमाळ जिल्ह्यातही पांढरकवडा-वणी भागात असे खांब आढळले आहेत. मराठवाड्यात मात्र या खडकाचे सौंदर्य निसर्गापेक्षा माणसाने अधिक उलगडले. वेरूळचे कैलास लेणे आणि अजिंठा बेसाल्टमध्येच कोरले आहेत. परभणी जिल्ह्यातली उदाहरणे कमी लोक पाहतात: गंगाखेड तालुक्यात गोदाकाठचे धारासूर येथील गुप्तेश्वर मंदिर, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरे आणि जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी. आइसलँडमध्ये खडक कोरण्याची अशी परंपरा नाही. तिथल्या वास्तुकाराने मात्र खांबांची उभी रचना काँक्रीटमध्ये आणली. गुडयोन सामुएलसन यांनी १९३७ मध्ये आराखडा केलेले रेक्याविकचे हालग्रिम्सकिर्क्या हे ७४.५ मीटर उंच चर्च १९४५ ते १९८६ अशी ४१ वर्षे बांधले जात होते, आणि संध्याकाळी शहरात परतताना लांबून पहिल्यांदा दिसते ते तेच.

खर्चाचा विचार केला तर ही सहल सामान्य मराठी कुटुंबाला सोपी नाही. आइसलँड युरोपातल्या महागड्या देशांपैकी आहे. पण जाणाऱ्याने काही गोष्टी आधी जाणून घ्याव्यात. देश शेंगेन करारात असल्याने शेंगेन व्हिसा चालतो. जून ते ऑगस्ट रस्ते मोकळे, पफिन हजर आणि उजेड भरपूर, मात्र उत्तरध्रुवीय प्रकाश तेव्हा दिसत नाही. तो पाहायचा तर सप्टेंबर ते मार्च. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, पाणी न शिरणारे जाकीट आणि बूट हवेतच. भाड्याची गाडी घेतल्यास दार उघडताना ते घट्ट धरावे, कारण वाऱ्याने दार उलटे वाकणे हा तिथला नेहमीचा अपघात आहे आणि त्याची भरपाई बहुतेक विम्यात मिळत नाही. शेवाळावर पाय देऊ नये. एकदा तुडवलेले शेवाळ पुन्हा वाढायला कित्येक दशके जातात. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा. आणि रेनिसफ्यारावर फोटो काढायचा मोह कितीही झाला, तरी समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये.